कपडे बदलायची खोली

अरुणा शानबाग हे नाव तुम्हाला कशामुळे माहीत आहे? हा प्रश्न मी गेल्या महिन्यात माझ्या ओळखीतल्या दहा-बारा जणांना विचारला. सगळे माझ्याच वयाचे, पंचविशी-तिशीच्या मधले. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा आमच्यापैकी कुणाचा जन्मही झालेला नव्हता. बहुतेकांनी सांगितलं, "ती इच्छामरणाची केस." काहींना "केईएमच्या नर्सेसनी चाळीस वर्षं सांभाळलं ती" एवढं आठवत होतं. एकाला फक्त कुत्र्याची साखळी आठवली. "ती कामाच्या जागी होती" हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

मला हे उत्तरांपेक्षा जास्त बोलकं वाटलं. एखादी गोष्ट आपल्याला कशी सांगितली गेली, यावर त्या गोष्टीतलं काय आपल्या लक्षात राहतं हे ठरतं. म्हणून या लेखात मला घटनेपेक्षा तिच्या सांगण्याबद्दल बोलायचं आहे.

आधी घटना, थोडक्यात. २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईत परळचं केईएम रुग्णालय, महापालिकेचं. पंचवीस वर्षांची परिचारिका अरुणा शानबाग काम संपवून तळघरात कपडे बदलत होती. ती प्रयोगासाठी ठेवलेल्या कुत्र्यांच्या शस्त्रक्रिया विभागात काम करायची. तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळून लैंगिक अत्याचार केला. कामावरून ती त्याला रागवायची, त्याचा राग त्याच्या मनात होता. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला एका सफाई कर्मचाऱ्याला ती जमिनीवर पडलेली दिसली. त्यानंतर ती त्याच रुग्णालयात, वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या खोलीत राहिली आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. साडेएकेचाळीस वर्षं.

हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची. सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर लागलाच नाही, कारण तो भाग पोलिसांपर्यंत पोहोचू दिला गेला नाही. तिचं लग्न ठरलेलं होतं, बदनामी होईल, हा विचार त्यामागे असावा असं सांगितलं जातं. म्हणजे या गोष्टीचं पहिलं सांगणं पोलिसांच्या कागदावर झालं आणि त्या पहिल्याच सांगण्यात मुख्य गोष्ट गाळलेली होती.

*

त्यानंतर ही कथा पुष्कळदा सांगितली गेली. १९८५मध्ये हरकिसन मेहतांची 'जड चेतन' ही गुजराती कादंबरी आली. मराठीत दत्तकुमार देसाईंनी 'कथा अरुणाची' हे नाटक लिहिलं. ते आधी महाविद्यालयीन रंगभूमीवर झालं आणि २००२मध्ये विनय आपट्यांनी ते दिग्दर्शित केलं. १९९८मध्ये पिंकी विराणींचं इंग्रजी पुस्तक आलं. आज आपल्याला या प्रकरणाचे जे तपशील माहीत आहेत, त्यांतले पुष्कळसे त्या पुस्तकामुळे टिकले. चोरी म्हणून दडपलेली घटना काय होती हे ते पुस्तक शीर्षकातच स्पष्ट सांगतं: हा एका बलात्काराचा आणि त्यानंतरच्या काळाचा खराखुरा वृत्तान्त आहे. पोलिसांच्या कागदाने जे लपवलं ते पुस्तकाने उघडं केलं. हे ऋण मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

विराणींनीच पुढे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११चा त्यावरचा निकाल मी पूर्ण वाचला. आपल्याकडे निकालपत्रं साहित्य म्हणून वाचायची सवय नाही, पण हे वाचावं असं आहे. सुरुवात गालिबच्या शेराने होते. पुढे इंग्लंडमधल्या ब्लँड खटल्याचा मोठा ऊहापोह येतो. तीन डॉक्टरांच्या समितीने तिला तपासून दिलेला अहवाल येतो. मेंदू मेला म्हणजे काय, जिवंत असणं म्हणजे काय, तिच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा, हे प्रश्न येतात. न्यायालय म्हणतं, हा हक्क विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. अर्ज फेटाळला जातो, पण पॅसिव्ह युथनेशियाची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली जातात. केईएमच्या परिचारिकांचं मनापासून कौतुक होतं. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही, याची नोंद होते.

हल्ल्याची हकिकत मात्र सुरुवातीच्या थोड्याशा मजकुरात उरकते. तळघर, साखळी, सकाळी पावणेआठ. मग निकाल पुढे जातो आणि मागे वळून पाहत नाही. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यासमोर प्रश्नच वेगळा होता. पण तीच घटना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचायला ३५हून जास्त वर्षं लागली आणि पोहोचली तेव्हा प्रश्न 'तिने कसं मरावं' हा झालेला होता. 'ती कशी वाचली असती' हा प्रश्न वाटेतच कुठेतरी पडून राहिला.

आपण त्याला सरसकट 'इच्छामरणाची केस' म्हणतो, तेही गंमतीचं आहे. जिला साडेएकेचाळीस वर्षांत एकही इच्छा बोलून दाखवता आली नाही, तिच्या नावाने इच्छामरण हा शब्द घरोघरी गेला.

या सगळ्या सांगण्यांतून जी कथा आमच्या पिढीपर्यंत उतरली तिचे तीन साचे आहेत. पहिला गुन्ह्याचा, ज्यात एक राक्षस आणि एक बळी असतो. दुसरा तत्त्वज्ञानाचा, ज्यात जगणं आणि मरणं असतं. तिसरा भक्तीचा, ज्यात देवीसारख्या परिचारिका असतात. तिन्ही साच्यांत तळघर येतं, पण नेपथ्य म्हणून. रुग्णालयातल्या बाईने कपडे कुठे बदलायचे, तिथे कुणाची ये-जा असते, दाराला आतून कडी आहे का, ती रात्री परतली नाही तर ते कुणाच्या लक्षात यायला हवं, हे प्रश्न या साच्यांत बसत नाहीत. संध्याकाळपासून सकाळी पावणेआठपर्यंत एवढ्या मोठ्या, चोवीस तास जाग्या असलेल्या इमारतीत एक कर्मचारी पडून राहते. मला या कथेतलं सगळ्यात भयंकर वाक्य हे वाटतं, आणि ते प्रत्येक ठिकाणी निव्वळ वेळेची नोंद म्हणून येतं.

*

असं का होतं? मला वाटतं, याचा थोडा संबंध आपल्या भाषेशी आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात जा. परिचारिका 'सिस्टर' असते, लादी पुसणारी 'मावशी' असते, स्ट्रेचर ढकलणारे 'मामा' असतात. सगळं गोतच. ही नाती खोटी नसतात. आजारी माणसाला रात्री दोन वाजता "मावशी, जरा पाणी" असं म्हणता येणं मोलाचं आहे. पण नात्याला पगार नसतो, पाळी नसते, कंत्राट नसतं. मावशीला आपण विचारत नाही की तुम्ही कायम की ठेकेदाराकडून? हातमोजे जाड मिळतात की तेच पातळ? कचऱ्याच्या पिशवीतली सुई बोटात गेली तर कुणाला सांगता? मावशी म्हटलं की ती सोसणारच.

त्यावर 'सेवा' हा शब्द चढतो. 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' अशी पाटी तुम्हीही पाहिली असेल. देवाच्या सेवेत जखम झाली तर ती जखम नसते, ती तपश्चर्या असते. २२ मार्च २०२०ला आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. थाळी वाजवायला काहीच हरकत नव्हती. पण त्याच दिवसांत ठिकठिकाणचे डॉक्टर आणि परिचारिका पीपीई किट मागत होते, आणि थाळीचा आवाज त्या मागणीपेक्षा मोठा होता.

याच भाषेने अरुणाच्या कथेतून एक अख्खं प्रकरण गाळून टाकलं आहे. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. अरुणाला नीट वागणूक मिळावी आणि आम्हाला कामाची बरी परिस्थिती मिळावी, अशा दोन्ही मागण्या एकत्र होत्या. म्हणजे मी ज्या प्रश्नाबद्दल एवढं लिहिते आहे, तो तिच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच, रस्त्यावर येऊन विचारला होता. त्यांची माया आपल्याला तोंडपाठ आहे. त्यांचा संप माझ्या त्या दहा-बारा जणांपैकी एकालाही माहीत नव्हता.

पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला केईएममधून हलवायचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. हाही प्रसंग आपण मायेची गोष्ट म्हणूनच सांगतो. मला तो वेगळा वाचता येतो. ही आमची सहकारी आहे, हे तुमच्या इमारतीत झालं, तुम्ही तिला नजरेआड करू शकत नाही, असा कामगारांनी मालकाला दिलेला तो जबाब आहे. २०११मध्ये त्या तिच्या मरणाच्या विरोधात उभ्या राहिल्या तेव्हा अनेकांना ते भाबडेपण वाटलं. तिच्या यातनांचा प्रश्न खरा होता, आणि विराणींनी तो तळमळीने मांडला, यात शंका नाही. परिचारिकांनी त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडलेलं नाही, हेही खरं. पण नव्याने कामाला लागलेली प्रत्येक मुलगी त्या खोलीत जाऊन तिला भरवायला, पुसायला शिकत होती. त्या वास्तूत काय घडलं होतं याचं याहून ठळक स्मारक कुठल्या संस्थेने उभारलं असतं?

*

कथा कशी सांगितली यावर कायदा ठरतो, हे म्हणणं अतिशयोक्त वाटत असेल तर शेजारी दुसरी कथा ठेवून बघा.

१९९२. राजस्थानातलं भटेरी गाव. भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. त्या कामाचा भाग म्हणून त्यांनी एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला आणि सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या न्यायालयाने १९९५मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. गुन्ह्याची कथा म्हणून ती तिथेच हरली. पण महिला संघटनांनी ती कथा दुसऱ्या पद्धतीने सांगायला घेतली: ही बाई कामावर होती, काम करत होती म्हणून तिच्यावर हल्ला झाला, मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची? त्यातून १९९७चे विशाखा निर्देश आले आणि २०१३चा कायदा आला. आज माझ्या ऑफिसात दर वर्षी ज्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ज्याची समिती नोटिस बोर्डावर नावानिशी लावलेली असते, तो कायदा एका साथिनीच्या कथेतून आला आहे.

अरुणाच्या कथेतून पॅसिव्ह युथनेशिया आलं. तेही महत्त्वाचं आहे, अनेक कुटुंबांना त्याचा आधार आहे. पण दोन्ही बायकांवर कामामुळे, कामाच्या संदर्भात हल्ला झाला होता. एकीची कथा कामाची म्हणून सांगितली गेली, दुसरीची देहाची म्हणून.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातलं उदाहरण द्यायचं तर पुण्यातलं. २००७मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीला कंपनीच्याच कॅबच्या चालकाने आणि त्याच्या मित्राने गहुंजेजवळ नेऊन बलात्कार करून मारलं. त्या खटल्यात फाशी झाली, आणि अंमलबजावणीला उशीर झाला म्हणून २०१९मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून जन्मठेप दिली. बातम्यांमध्ये तेच चाललं. पण आज मी रात्री उशिरा ऑफिसमधून निघते तेव्हा एकटी बाई सर्वांत शेवटी उतरणार असेल तर गाडीत गार्ड बसतो, घरी पोहोचल्यावर ॲपमध्ये नोंद करावी लागते. नाही केली तर फोन येतो. कंटाळा येतो त्या फोनचा. पण सकाळी पावणेआठपर्यंत कुणाला कळलंच नाही, असं होऊ नये म्हणून तो फोन असतो.

*

मी काही काळ रुग्णालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. त्यात अनुचित घटना नोंदवायचा एक फॉर्म होता. घटनेचा प्रकार निवडायचा: रुग्ण पडला, चुकीचं औषध, चुकीचा डोस, यंत्र बिघडलं. यादी रुग्णालयाकडूनच आली होती, चांगली तपशीलवार होती. चाचणीसाठी आलेल्या एका सिस्टरनी विचारलं, "आणि मला सुई टोचली तर?" शोधून शोधून उत्तर सापडलं: 'इतर'. पुढची चौकट होती, 'कोणाच्या हलगर्जीमुळे?' आणि ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. सिस्टर हसून म्हणाल्या, "मग कोण भरणार?" आमच्या टीमने यादीत प्रकार वाढवायचा प्रस्ताव दिला. पलीकडून उत्तर आलं, सध्या गरज नाही.

तो फॉर्म म्हणजेसुद्धा एक कथनच होतं. त्यात रुग्णाला इजा होऊ शकत होती, यंत्राला होऊ शकत होती. कर्मचाऱ्याला फक्त दोष होऊ शकत होता.

औद्योगिक सुरक्षेत एक जुनी उतरंड आहे, इंजिनीअरिंगच्या कुठल्याही शाखेत ती कधीतरी शिकवतात. धोका समोर आला की आधी बघायचं, तो मुळातच काढून टाकता येतो का. नाही तर त्याऐवजी कमी धोक्याचं काही वापरता येतं का. नाही तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काही बांधता येतं का. मग पाळ्या, नियम, प्रशिक्षण. आणि सर्वांत शेवटी माणसाच्या अंगावर घालायची साधनं. सुईचंच घ्या. गोळीने काम होत असेल तर इंजेक्शन देऊच नका. द्यायचंच तर वापरल्यावर आपोआप आत जाणारी सुई घ्या. सुईला टोपी परत लावू नका, ती थेट न भोसकली जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हा डबा आहे, कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस देणंही आहे. हातमोजे सर्वांत खाली, कारण हातमोजा सुईला अडवत नाही.

ही उतरंड घेऊन आपल्या कथा वाचल्या की एक गोष्ट लगेच दिसते. आपण नेहमी शेवटच्या पायरीवर उभे असतो. मुलींनी सावध राहावं, एकटीने जाऊ नये, स्वसंरक्षण शिकावं. म्हणजे धोका आहे तिथेच राहील, बदलायचं ते बाईने.

*

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका पदव्युत्तर शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. दीर्घ ड्यूटीत विश्रांतीसाठी ती सेमिनार हॉलमध्ये आडवी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २० ऑगस्टच्या सुनावणीत अरुणा शानबागचं नाव निघालं. ५१ वर्षांनी.

त्या दिवसाचा आदेश मी २०११च्या निकालाशेजारी ठेवून वाचला. त्यात शेर नाही. त्यात यादी आहे: रात्रपाळीच्या डॉक्टरांना विश्रांतीला जागा नाही, स्वच्छतागृहं पुरेशी नाहीत, ३६-३६ तासांच्या पाळ्या, सुरक्षारक्षक अपुरे, सीसीटीव्ही नाहीत किंवा बंद, वसतिगृह लांब आणि जायला वाहन नाही, नातेवाईक कुठेही शिरू शकतात. साहित्य म्हणून रूक्ष मजकूर आहे. पण अरुणाच्या कथेला इतकी वर्षं जे पान हवं होतं ते मला यात सापडलं. तळघर इथे पहिल्यांदा नेपथ्यातून पुढे आलं.

तरी जुना साचा सहज सुटत नाही. त्याच महिन्यात आसामातल्या सिलचर वैद्यकीय महाविद्यालयाने महिला डॉक्टरांना सूचना काढली: निर्जन, अंधाऱ्या जागा टाळा, रात्री बाहेर पडू नका. ओरड झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. पश्चिम बंगाल सरकारने शक्यतो महिलांना रात्रपाळी देऊ नका असं सुचवलं. सप्टेंबरमध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की काम बंद करणं हा उपाय नाही, सुरक्षा देणं हे तुमचं काम आहे. जानेवारी २०२५मध्ये आरोपीला जन्मठेप झाली तेव्हा चर्चा एकच होती, फाशी का नाही? विश्रांतीच्या खोल्यांचं काय झालं, यावर ट्रेंडिंग हॅशटॅग मला दिसला नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एवढ्या मोठ्या शोकांतिकेला तुम्ही कडी-कोयंडा आणि सीसीटीव्हीवर आणून ठेवता? गुन्हेगाराची जबाबदारी इमारतीवर ढकलता? नाही. हल्ला त्या माणसाने केला, त्याचा दोष भिंतीला देता येत नाही. पण शिक्षा एका माणसाला होते आणि तळघर सगळ्यांसाठी तसंच राहतं. शिवाय कडीची गोष्ट क्षुल्लक वाटणं, हीच तर आपल्या वाचनाची सवय आहे. राक्षसाची गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो, देवीची वाचताना डोळे भरतात. कुलूप, दिवा, पाळीचा तक्ता यांनी काहीच होत नाही, म्हणून ते लक्षात राहत नाहीत. लिहिणाऱ्यांचं काम इथेच आहे असं मला वाटतं. संपाच्या मागण्यांचा कागद, विश्रांतीच्या खोलीचा नकाशा, 'इतर' असं लिहिलेली फॉर्ममधली ओळ यांवर कुणीतरी तितक्याच जिव्हाळ्याने लिहायला हवं.

अरुणावर पुन्हा नाटक होईल, मालिका होईल, कदाचित वेब सिरीजही येईल. तिच्या परिचारिकांचं प्रेम त्यात असावंच. मी मात्र १९७३च्या त्या संपाची वाट बघेन: किती मिनिटं येतो, आणि त्यातल्या एका तरी बाईला तिची मागणी पुरती बोलू देतात का.